दोन मापांचं पाकीट

आमच्या ऑल्डर फॉल्समध्ये घरोघर टपाल वाटायची पद्धत नव्हती. पोस्टाच्या भिंतीत पितळी दारांच्या पेट्या होत्या, प्रत्येकाकडे आपल्या पेटीची किल्ली असायची आणि ज्यानं त्यानं येऊन आपलं टपाल न्यायचं. पेट्यांच्या समोर मी एक मोठं पिंप ठेवलं होतं. लोक पेटी उघडायचे आणि पिंपाशी उभे राहून टपाल चाळायचे. बिलं कोटाच्या खिशात जायची, बहिणीचं पत्र हातात राहायचं आणि विमा कंपन्या, गालिचेवाले, मासिकवाले यांचं सगळं पिंपात पडायचं. मी पोस्टमास्तर होतो. माझी खिडकी बरोबर त्या पिंपासमोर होती, त्यामुळे अख्ख्या अमेरिकेचे जाहिरातवाले किती मेहनत करतात आणि तिचं काय होतं, ते मी रोज बघत होतो.

लिओटा ब्रँडवोल्ड गावात परतली ती १९७९च्या शरदात. ती माझ्या बरोबरीची, शाळेत एका वर्गात होतो. निम्मं आयुष्य तिनं शिकागोत एका टपालाने माल विकणाऱ्या कंपनीत काढलं होतं. त्यांच्या जाडजूड सूचिपत्रात पडदे, शेगड्या, गवत कापायची यंत्रं, सगळ्यांची चित्रं ती काढायची. कंपनीनं चित्रांचा विभाग बंद केला, फोटो वापरायचं ठरवलं आणि लिओटा वडिलांच्या रिकाम्या घरात परत आली. पहिल्याच दिवशी पेटीची किल्ली न्यायला आली तेव्हा मी विचारलं, "राहणार आहेस की नुसती हवा बदलायला?"

"हवा तर तीच आहे रे हॉलिस," ती म्हणाली. "गाईच्या शेणाची. राहणार आहे. कुणाला चित्रकार पाहिजे असेल तर सांग."

असा एक माणूस होता. अँब्रोज स्टेनरुड. मेन स्ट्रीटवर त्याचं बुटांचं दुकान होतं, त्याच्या वडिलांनी नॉर्वेहून येऊन टाकलेलं. हमरस्त्यावर नवा मॉल झाला आणि गावातली माणसं बूट घ्यायला तिकडे जायला लागली. अँब्रोज फार बोलणारा नव्हता. पण एक गोष्ट त्याच्या मनात बरीच वर्षं घर करून होती आणि ती त्यानं एकदा माझ्याजवळ बोलून दाखवली होती.

त्याच्याकडे अधूनमधून एखादं गिऱ्हाईक यायचं, ज्याचा एक पाय मोठा आणि एक लहान. बहुतेक जण लहानपणी पोलिओ झालेले. १९५०च्या आसपास आमच्याकडे दर उन्हाळ्यात पोलिओची साथ यायची, तेव्हाची ती मुलं आता मोठी झाली होती. असं गिऱ्हाईक एकाच नमुन्याच्या बुटाचे दोन जोड घ्यायचं, एक मोठ्या मापाचा, एक लहान. दोन्हीतला एकेक बूट पायात घालायचं आणि उरलेले दोन काउंटरवर ठेवून म्हणायचं, "टाकून द्या." अँब्रोजला ते कधी टाकवले नाहीत. दुकानाच्या मागच्या खोलीत फळ्यांवर तो ते मांडून ठेवत गेला. त्याचं म्हणणं असं होतं की एकाचा डावा लहान असेल तर कुणाचा तरी उजवा लहान असणारच. ती माणसं सापडली तर कुणालाच दोन जोडांचे पैसे पडणार नाहीत. फक्त सापडायची कशी, हा प्रश्न होता.

मी लिओटाला त्याच्याकडे पाठवलं. तिला ते ऐकताक्षणी पटलं. टपालानं कळवायचं, ती म्हणाली, हेच काम आयुष्यभर केलंय.

तिनं पहिलं पत्रक केलं ते बघण्यासारखं होतं. चकचकीत कागद, वर नाचणारं जोडपं, बाईचा घेरदार झगा उडालेला, लाल अक्षरात 'प्रत्येक पावलासाठी, स्टेनरुड'. वेगवेगळ्या मापांचा जोड एकाच किमतीत मिळेल, हे आतल्या पानावर, खाली, बारीक टाइपात होतं. अँब्रोजनंच तसं सांगितलं होतं. लोकांना अवघडल्यासारखं व्हायला नको, असं त्याला वाटत होतं आणि लिओटालाही ते बरोबर वाटलं. जिल्ह्यातल्या सगळ्या गावांना पाठवायचे गठ्ठे तिनं माझ्या खिडकीत आणून ठेवले. आमच्या गावाचे मी पेट्यांमधून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोस्टात येऊन बाकावर बसली. म्हणाली, "शिकागोत असताना मी हे कधी बघितलंच नाही. काढायचं आणि छापायला द्यायचं. पुढे काय होतं ते बघू दे."

मी म्हणालो, "घरी जा, लिओटा. कॉफी पी."

ती गेली नाही. लोक येत गेले. धान्यगोदामाचा मॅनेजर आला, त्यानं पत्रक उलटंसुद्धा केलं नाही. पाद्रीबाईंनी नाचणाऱ्या जोडप्याकडे बघून भुवई वर केली आणि टाकलं. ओलाफ नावाचा आमचा न्हावी थोडा थांबला, म्हणाला, "अँब्रोज आता नाच शिकवणार वाटतं," आणि त्यानंही टाकलं. लिओटा प्रत्येकाचे हात बघत होती. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी तिकिटं मोजत बसलो.

मग आयोन फेल्टन आली. ही शाळेत संगीत शिकवायची आणि रविवारी ल्यूथरन चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. गावात येऊन तिला दोनेक वर्षं झाली होती. उजव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या लोखंडी पट्ट्या, हातात काठी. तिनं पेटी उघडली, पत्रक बघितलं आणि पिंपात सोडून दिलं. लिओटा उठली.

"माफ करा," ती म्हणाली. "तुम्ही ते का टाकलंत, सांगाल का?"

"तुम्ही कोण?"

"मी काढलंय ते."

आयोननं तिला नीट न्याहाळलं. "चित्र छान आहे. पण ते नाचणाऱ्यांचं आहे. मी नाचत नाही, हे तुम्हाला दिसतच असेल."

"आत तुमच्यासाठीच काहीतरी लिहिलंय."

"माझ्यासाठी लिहिलंय तर आत कशाला?"

लिओटानं वाकून पिंपातून पत्रक काढलं, उघडलं आणि तिच्या हातात दिलं. आयोन उभ्यानं वाचत राहिली. तेवढ्याच चार ओळी, पण तिला बराच वेळ लागला. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "हे एवढ्या बारीक अक्षरात का?"

"वाचणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून."

"अहो, मी आठ वर्षांची असल्यापासून बुटांचे दोन जोड विकत घेते आहे. माझ्या आईनं त्यापायी स्वतःला नवा कोट घेतला नाही. वाईट त्याचं वाटतं. पाय लहान आहे, हे मला माहीत आहे."

 आयोन दारापर्यंत गेली आणि परत वळली. "हे बूट आहेत खरंच, की नुसतं जाहिरातीपुरतं?"

"चला, दाखवते," लिओटा म्हणाली.

पुढचं मला अँब्रोजनं सांगितलं. आयोनला त्यानं मागच्या खोलीत नेलं. फळ्यांवर सगळे एकेकटे बूट, घासूनपुसून ठेवलेले, प्रत्येकाच्या टाचेखाली मापाची चिठ्ठी. ती भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "तुम्ही हे जपून ठेवलेत?" अँब्रोज म्हणाला, "चांगले बूट आहेत." तिनं एक उचलून बघितला, परत जागेवर ठेवला, आणि मग खुर्चीवर बसून तिनं कॅलिपरचे पट्टे सोडले. अँब्रोजनं बूट बांधून द्यायचा भुरा कागद जमिनीवर अंथरला. दोन्ही पावलांच्या भोवतीनं पेन्सिल फिरवली. डावं पाऊल लांब, उजवं आखूड आणि जरा आत वळलेलं.

लिओटा त्या कागदाकडे बघत राहिली.

"हेच," ती म्हणाली. "मिस फेल्टन, हे मी वापरू का?"

"माझे पाय?"

"तुमचं नाव घालणार नाही. पाकिटावर फक्त ही दोन पावलं. अगदी एवढीच, खऱ्या मापाची. दुसरं काही नाही."

आयोन हसली. "वापरा. पण आता काही लपवू नका."

मग ते पाकीट झालं. मोठं, भुऱ्या कागदाचं, कारण खऱ्या मापाचं पाऊल साध्या लिफाफ्यात मावत नाही. वर काळ्या रेघेत दोन पावलं, एक मोठं, एक लहान, आणि खाली एकच ओळ: 'तुमची अशी आहेत का?' आत अँब्रोजचं पत्र, लिओटानं पुन्हापुन्हा लिहून घेतलेलं, पहिल्याच ओळीत सगळं सांगणारं. सोबत एक कोरा कागद आणि पत्ता घातलेलं परतीचं पाकीट, 'या कागदावर आपले दोन्ही पाय ठेवून भोवती रेघ काढा आणि आम्हाला पाठवा.' लिओटाला आत एक बुटकी पेन्सिलही घालायची होती, हाताला काहीतरी टोचलं की माणूस पाकीट उघडतोच, असं तिचं म्हणणं. मी म्हणालो, आमच्या टपाल छाटायच्या यंत्रात ती अडकली तर सगळ्या राज्याचं टपाल तुझ्या नावानं ओरडेल. तेवढं तिनं ऐकलं. पण मी जेव्हा म्हणालो की एवढं मोठं पाकीट थैलीत भरताना वाकवावं लागेल, तेव्हा तिनं मला बजावलं, "वाकव. पण पावलं बाहेरच्या बाजूला राहू देत."

आणि या वेळी ते जिल्हाभर वाटायचं नाही, असं ठरलं. ते आयोनमुळे. ती लहानपणी राजधानीच्या इस्पितळात पोलिओच्या वॉर्डात होती. तिथल्या मुली अजून दर ख्रिसमसला एकमेकींना पत्रं पाठवायच्या. त्यांच्या ओळखीचे आणखी, त्यांच्या भागातले कॅलिपर बनवणारे, मालिश करणाऱ्या नर्सेस. थोडेच पत्ते, पण प्रत्येक पाकीट जिथे जायला हवं तिथेच जाणार होतं. चर्चच्या तळघरात एका शनिवारी दुपारी बायकांनी कॉफी आणि ऱ्हुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या खात पत्ते लिहिले. पाद्रीबाईसुद्धा होत्या. त्या म्हणाल्या, "हे बरं आहे, यात कुणाचा झगा उडत नाही." लिओटा हसता हसता खुर्चीवरून घसरायची बाकी होती.

पाकिटं गेली. ख्रिसमस होऊन गेला. मग जानेवारीत, बर्फ गुडघाभर असताना, परतीची पाकिटं यायला लागली.

सुरुवातीला दोनचार, मग रोज मूठभर, आणि नंतर मी ती थैलीत भरून स्वतः अँब्रोजच्या दुकानात न्यायला लागलो. मला काही न्यायची गरज नव्हती, त्याला पेटी होती. पण मला ती उघडताना बघायची असायची. प्रत्येक कागदावर दोन पावलं. कुणाची पेन्सिल थरथरलेली, कुणी शाईनं काढलेली. एका बापानं आपल्या मुलीची पावलं काढून आत तिचा फोटो घातला होता. डुलुथच्या एका माणसानं फक्त डावं पाऊल काढून लिहिलं होतं, 'उजवा लाकडाचा आहे. त्याला तुम्ही द्याल ते चालेल, तो कधी कुरकुर करत नाही.' ते वाचून अँब्रोज दुकानात मोठ्यानं हसला. त्याला तसं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. एका म्हाताऱ्या बाईनं लिहिलं होतं, 'आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला दोन्ही पायांचं माप विचारलं.' अँब्रोजनं ते पत्र बायकोला दाखवायला घरी नेलं.

संध्याकाळी दुकान बंद केल्यावर तो आणि लिओटा कागद जमिनीवर पसरायचे आणि जुळवायचे. हिचा उजवा लहान, तिचा डावा. याचं मोठं माप, त्याचं मोठं माप, बरोबर उलटं. एक जुळलं की लिओटा टाळी वाजवायची, आणि अँब्रोज मागच्या खोलीत जाऊन बूट शोधून आणायचा. मागच्या खोलीतल्या फळ्या हळूहळू रिकाम्या व्हायला लागल्या आणि नवे जोड मागवायची वेळ आली.

आयोनला जोडीदारीण मिळाली ती नेब्रास्कात. व्हर्डेल कून्ट्झ नावाची, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी. माप तंतोतंत, फक्त बाजू उलट. पण अडचण वेगळीच निघाली. दोन जोड मागवायचे म्हणजे दोघींना एकाच नमुन्याचा, एकाच रंगाचा बूट घ्यायला हवा. आयोननं काळा, बंदांचा, मास्तरणीला शोभेल असा निवडला. व्हर्डेलचं पत्र आलं: 'मला लाल पाहिजे. मी जन्मभर काळे, तपकिरी, जे मिळालं ते घातलं. आता निवडायला मिळतंय तर लालच घेणार.'

अँब्रोज पेचात पडला. तो ते पत्र घेऊन आयोनकडे गेला. म्हणाला, "दुसरी कुणी मिळते का बघू."

आयोननं पत्र वाचलं. "लाल?" ती म्हणाली. "शाळेत मुलं मला काय म्हणतील?"

"म्हणूनच म्हणतो, थांबू थोडं."

"नको, थांबायला नको." तिनं पत्र पुन्हा वाचलं. "ही बाई बरोबर बोलतेय. मागवा लाल."

ईस्टरच्या रविवारी ती लाल बूट घालून चर्चमध्ये आली. ऑर्गन आमच्याकडे समोरच्या बाजूला आहे, वाजवणाऱ्याचे पाय सगळ्यांना दिसतात.  प्रार्थना संपल्यावर ओलाफ न्हावी तिच्याजवळ गेला, टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मिस फेल्टन, आज सुरात काहीतरी वेगळं होतं." ती म्हणाली, "ओलाफ, मी आज पहिल्यांदाच एका जोडाच्या पैशांत घेतलेले बूट घालून वाजवलंय."

मे महिन्यात व्हर्डेल आणि तिचा नवरा एमेट आमच्या गावात आले. त्यांची गाडी जुनी, सगळा दिवस प्रवास करून आलेली. शुक्रवार होता आणि शुक्रवारी आमच्याकडे माजी सैनिकांच्या लिजन हॉलमध्ये तळलेले मासे असतात, म्हणून अँब्रोजनं सगळ्यांना तिकडेच बोलावलं. मलाही. व्हर्डेल गाडीतून उतरली, आयोन पायरीवर उभी होती. दोघींनी एकमेकींच्या पायांकडे बघितलं. लाल, लाल. व्हर्डेल गाडीच्या दाराला धरून इतकी हसली की एमेटला तिला सावरावं लागलं.

"नाहीतर तुझा डावा माझ्याकडे पडून असता," ती म्हणाली.

"आणि तुझा उजवा माझ्या कपाटात पडून राहिला असता," आयोन म्हणाली.

जेवताना एमेट फारसा बोलला नाही. माणूस शेतावरचा, हात मोठे, काटा बोटांत अवघडलेला. ताटं उचलली गेल्यावर त्यानं विचारलं, "ते पाकीट कुणी काढलं?"

अँब्रोजनं लिओटाकडे बोट दाखवलं. एमेट उठला आणि टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ आला.

"बाई," तो म्हणाला, "आमच्या घरी टपाल मी आणतो. रस्त्याच्या टोकाला पेटी आहे. जाहिराती मी तिथेच फाडतो, घरात आणत नाही. हे हातात आलं आणि मला माझ्या बायकोचे पाय दिसले. वाऱ्यात उभा राहून मी ते उघडलं. घरी पोचलो तेव्हा दाराची कडी उघडायला थंडीनं बोटं चालत नव्हती. आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली, तिचे उरलेले बूट मी कोठारात नेऊन ठेवत आलो, तिच्या नजरेला पडू नयेत म्हणून. तुमचे उपकार आहेत."

 लिओटानं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. ती म्हणाली, "मिस्टर कून्ट्झ, मी हजारो घरांत चित्रं पाठवली. त्यातलं एकसुद्धा माणूस मला कधी भेटलं नव्हतं. तुम्ही इतक्या लांबून आलात."

"गाडी चालवायला मला आवडतं," एमेट म्हणाला.

सगळे हसले. मग व्हर्डेलनं आपली पिशवी उघडून सफरचंदाच्या घट्ट मुरंब्याच्या बाटल्या काढल्या, प्रत्येकाला एक. मलाही दिली. मी म्हणालो, मी काहीच केलं नाही, मी नुसती पाकिटं वाकवली. आयोन म्हणाली, "पावलं बाहेर ठेवून वाकवलीस. घे गुपचूप."

अँब्रोजचं दुकान चाललं. मॉल तिकडे राहिला, पण त्याच्या दुकानातून कॅनडापर्यंत बूट जायला लागले. लिओटा त्याच्याकडे भागीदार झाली आणि दर वर्षी एक पाकीट काढत राहिली. प्रत्येक वेळी दुसऱ्याच कुणाची तरी पावलं, त्या माणसाला विचारून. पुढे मी निवृत्त झालो तेव्हा दोघांनी मला बुटांचा एक जोड दिला. माझे पाय सारखेच आहेत, तरी अँब्रोजनं गुडघे टेकून दोन्ही मोजले, आणि मीही त्याला मोजू दिलं.

मे महिन्यातल्या त्या शुक्रवारी रात्रीचा मुक्काम आयोनकडे करून कून्ट्झ नवरा-बायको सकाळी निघाले. आम्ही सगळे दुकानासमोर उभे होतो. व्हर्डेलनं गाडीची काच खाली केली आणि लिओटाला विचारलं, "एक पाकीट उरलंय का ग? आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या आईला द्यायचंय."

लिओटा आत जाऊन दहा घेऊन आली.